दरडीखाली अडकलेली व्यक्ती: सुटकेनंतरचा धोका आणि प्रथमोपचार

पावसाळ्यात पारसिक डोंगराच्या उतारावरील कळवा-मुंब्र्याच्या वस्त्या आणि कल्याणच्या कचोरे टेकडीवरील घरे यांना दरडीचा धोका असतो. १९ जुलै २०२१ रोजी कळव्यातील घोलाई नगरमध्ये घरावर दरड कोसळून ५ जणांचा मृत्यू झाला. तीनच दिवसांनी महाड तालुक्यातील तळीये गावावर, तर १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली.

ढिगाऱ्यातून बाहेर काढलेला माणूस बोलतो आहे, फारशी जखम नाही, म्हणून नातेवाईक त्याला घरी नेऊ पाहतात. हे जिवावर बेतू शकते.

शरीरात काय होते?

पहिला धोका श्वासाचा. नाका-तोंडात चिखल गेल्याने किंवा छातीवर वजन आल्याने काही मिनिटांत मृत्यू होऊ शकतो.

दुसरा धोका उशिरा दिसतो. पाय, मांडी किंवा हात तासाभराहून अधिक काळ दबून राहिल्यास तेथील स्नायू मरू लागतात. वजन हटताच रक्तप्रवाह सुरू होतो आणि स्नायूंतील पोटॅशियम व मायोग्लोबिन रक्तात मिसळतात. पोटॅशियम वाढल्याने हृदय अचानक बंद पडू शकते, तर मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, लंडनमधील बॉम्बहल्ल्यांत दबलेल्या रुग्णांवरून डॉक्टरांनी त्याचे सविस्तर वर्णन केले.

मदत येईपर्यंत काय कराल?

- ११२ किंवा १०८ वर फोन करा. उतार अजून सरकत असेल तर ढिगाऱ्यावर चढू नका.
- आधी चेहरा आणि छाती मोकळी करा, तोंडातील चिखल काढा. श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करा.
- फक्त हात-पाय बराच वेळ दबलेला असेल आणि पथक जवळ असेल, तर वजन हटवण्याआधीच सलाईन सुरू करता येते. मदत लांब असेल किंवा जागा धोक्याची असेल, तर सुटका लांबवू नका.
- मान व पाठ सरळ ठेवूनच हलवा. ओढू नका.
- ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळा. पावसात भिजलेल्या माणसाचे तापमान लवकर घसरते.
- नारळपाणी, फळांचा रस देऊ नका, त्यात पोटॅशियम असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.
- दबलेला भाग चोळू नका.

रुग्णालयात सांगायच्या तीन गोष्टी

किती वेळ दबलेले होते, शरीराचा कोणता भाग दबला होता आणि त्यानंतर लघवी झाली का. या माहितीवरून रक्तातील पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीपीके या तपासण्या आणि ईसीजी लगेच केले जातात. सलाईन हा मुख्य उपचार आहे. काही रुग्णांना थोड्या काळासाठी डायलिसिस लागते. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेकांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. उघडी जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारा.

पुढील लक्षणे दिसल्यास ताबडतोब रुग्णालयात जा

- चहासारखी किंवा कोलासारखी गडद लघवी, किंवा लघवी कमी होणे
- हात-पाय सुजून टणक होणे, बोटे हलवताना असह्य वेदना, बधिरपणा
- धडधड, चक्कर, धाप किंवा गुंगी

दरड येण्याआधीच्या खुणा

मुरलेल्या पाण्याने मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते. भिंतीत किंवा जमिनीत नवीन भेगा, दारे अडकणे, झाडे-खांब झुकणे, उतारावरून अचानक गढूळ पाणी येणे, लहान दगड घरंगळणे, ही घर सोडण्याची वेळ आहे. सलग मुसळधार पावसात रात्र होण्याआधीच सुरक्षित ठिकाणी जा. घरात वृद्ध, गरोदर स्त्री किंवा डायलिसिसवरील रुग्ण असल्यास त्यांना सर्वांत आधी हलवा. औषधे व रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार ठेवा.