पिंपात मुरलेली बिअर आणि पहिल्या धारेची मोहाची: चवीमागचा कायदा



मुक्ताईच्या गावात बिअरवर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया नक्कीच उंचावल्या असतील. समोर माळकरी मंडळीही बसली आहेत. म्हणून आधीच सांगतो, इथे बाटली उघडायची नाही. आपला प्रश्न इतिहासाचा आहे. एक पेय लोक घोटाघोटानं चाखतात, त्यावर पुस्तकं लिहितात. दुसरं पेय अंधारात, घाईघाईत गाळलं जातं. हा फरक आला कुठून?

आधी बिअर बघू. तुम्ही केळीच्या पट्ट्यातले, तुम्हाला हे पटकन कळेल. बऱ्याच बेल्जियन पद्धतीच्या बिअर ग्लासात ओतल्या की पिकल्या केळ्याचा वास येतो. आत केळं नसतं, बरं का! यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं, आणि पिकल्या केळ्यातही तेच असतं. मागून लवंगेसारखा वास येतो. हीच बिअर ओकच्या लाकडी पिंपात ठेवली की लाकडातून व्हॅनिलासारखा सुगंध उतरतो. फळ्यांमधून थोडी थोडी हवा आत जाते, लाकडात वस्तीला असलेले सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि आंबटपणा येतो. बेल्जियममध्ये रूसेलारे नावाच्या गावी रोडेनबाखची ब्रुअरी आहे, १८२१ पासूनची. तिथे ओकच्या उंच टाक्यांमध्ये बिअर दोन वर्षांपर्यंत ठेवतात आणि मग तिच्यात ताजी बिअर मिसळतात. आपण लोणच्याला म्हणतो ना, 'मुरू दे', तसंच.

पण मुरायला काय लागतं? जागा लागते, भांडवल लागतं आणि मुख्य म्हणजे उद्या कुणी येऊन पिंप फोडणार नाही याची खात्री लागते. ही खात्री कायदा देतो. बेल्जियममध्ये १९१९ साली कायदा झाला आणि सार्वजनिक ठिकाणी कडक दारू विकायला बंदी आली. बिअरला मात्र मोकळीक राहिली. तिथल्या कडक बिअरचा बाजार वाढायला याचा हातभार लागला, असं मानलं जातं. म्हणजे तिथेही चव घडवण्यात कायद्याचा वाटा आहेच.

आता सातपुड्याकडे वळू. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुलं गळतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात घालून आंबवायची आणि भट्टीवर गाळायची. भिल्ल, पावरा समाजात ही दारू देवाला लागते, लग्नाला लागते, पाहुण्याला लागते. १८७८ साली मुंबई सरकारचा अबकारी कायदा आला. घरी गाळणं गुन्हा ठरलं आणि मक्तेदाराच्या दुकानातून दारू विकत घेणं कायदेशीर झालं. सरकारच्या तिजोरीत महसूल जमा व्हायला लागला. १८९२ च्या कायद्यानं तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्याला फूल साठवायची चोरी, तो पिंप कुठून साठवणार?

पण गोष्ट इतकी एकेरी नाही. १९२२-२३ मध्ये देवीची चळवळ पालघरच्या किनाऱ्याकडून सुरतेच्या डोंगरात आणि पुढे पश्चिम खानदेशात पसरली. अंगात आलेली देवी सांगायची, दारू सोडा. आदिवासींनी दारू सोडली, दुकानदारांवर बहिष्कार टाकला. हे वरून लादलेलं नव्हतं. मक्तेदाराकडे जाणारा पैसा आणि त्यामागून येणारं कर्ज त्यांनी स्वतः तोडायचा प्रयत्न केला. म्हणून दारूबंदी म्हणजे फक्त शहाण्यांचा उपदेश, असं म्हणता येत नाही. इथल्या वारकरी परंपरेलाही ते लागू आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे तो सैल होत गेला, पण सैल कुणासाठी झाला ते बघा. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. आज पुण्या-मुंबईत बेल्जियन पद्धतीची बिअर टेबलावर येते. हातभट्टी मात्र चोरीचीच राहिली. चोरीच्या धंद्याला मुरवायला वेळ नसतो, म्हणून नवसागर टाकून काम उरकायचं. याहून वाईट म्हणजे भेसळ. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं गेली. गरिबाच्या पेल्यात काय आहे, हे तपासणारं कुणी नव्हतं.

आपल्या तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेश. त्या सरकारनं २०२१ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा द्यायचं जाहीर केलं. आदिवासी बचतगटांनी ती गाळावी, अशी कल्पना आहे. हे यशस्वी होईल का, आणि नफा फूल वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचेल का, यावर लक्ष ठेवावं लागेल.

प्यावं की पिऊ नये, हे ज्याचं त्यानं ठरवावं. न पिणाऱ्याचा मान मोठाच आहे. इतिहास विचारतो तो प्रश्न निराळा आहे. एकाच्या पेयाला मुरायला दोन वर्षं मिळतात आणि दुसऱ्याला दोन रात्रीही मिळत नाहीत, हे कुणी ठरवलं? 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण हसत वापरतो. पण तिला पुढचं आयुष्यच मिळालं नाही, हेही त्या शब्दात ऐकू यायला हवं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.