सोपेपणाने काय हरवले?

आजचे व्हिडिओ गेम सोपे झाले, या तक्रारीची तपासणी ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेवर चांगली होते. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) २७ कौशल्ये होती, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) २१ राहिली, ‘स्कायरिम’मध्ये (२०११) १८. मॉरोविंडचा खेळाडू लोकांनी सांगितलेल्या खाणाखुणांवरून वाट शोधी. ऑब्लिव्हियनपासून होकायंत्रावरची खूण थेट मुक्काम दाखवू लागली. कौशल्यांची संख्या घटली याचे दुःख नको, कारण स्कायरिमने प्रत्येक कौशल्याला स्वतंत्र शाखा देऊन निवडीला वाव ठेवला. खरे नुकसान वाट शोधण्याचे झाले: खूण दिसली की माणसांचे बोलणे ऐकण्याची आणि भूप्रदेश न्याहाळण्याची गरजच संपते.

जुने खेळही साधे होते, हा आक्षेप रास्त आहे. ‘पॅक-मॅन’ (१९८०) एका दांडीवर चाले. पण त्यातले डावपेच खेळाडूलाच शोधावे लागत. नव्या खेळाडूंना एवढे कष्ट नकोत, हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. मोहिमांची यादीही न देणाऱ्या ‘एल्डन रिंग’च्या (२०२२) कोट्यवधी प्रती खपल्या. नियम खुशाल कमी करावेत; शोधाचा आनंद खेळाडूकडून काढून घेऊ नये.