आधी बाईंची बाराखडी

सावित्रीबाईंची जयंती आपण दरवर्षी करतो. भाषणांत पुण्याचा भिडेवाडा येतो, अंगावर फेकलेले शेण येते. पण मुलींची भरलेली शाळा जोतीरावांनी आधी कुठे पाहिली, ते क्वचितच कुणी सांगते. ती त्यांनी नगरला पाहिली. चालवणारी बाई अमेरिकेची होती, नाव सिंथिया फरार.

फरारबाईंचा जन्म १७९५ चा. तिकडे त्या शिक्षिका होत्या. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींच्या शाळा सुरू केल्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई हवी होती. तोवर मिशनऱ्याची बायको म्हणून बाया इकडे येत. लग्न न झालेली बाई इतक्या लांब पाठवायची म्हणजे मिशनलाही विचार पडला. शेवटी जून १८२७ मध्ये बोस्टनहून जहाज निघाले. सुएझचा कालवा नव्हता, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून आधी कलकत्ता आणि मग मुंबई. पोहोचेपर्यंत डिसेंबर संपत आला होता. बाईंचे वय तेव्हा बत्तीस.

आपणही एका गावातून उठून दुसऱ्या गावात नांदायला आलो. पाणी वेगळे, भाकरी थापायची तऱ्हा वेगळी, बोलण्याचा हेल वेगळा. तरी दिवाळीला माहेर असते, भाऊ न्यायला येतो. इथे घरचे पत्र यायला कित्येक महिने लागत. आणि जीवाची शाश्वती नव्हती. मिशनचे गॉर्डन हॉल आदल्याच वर्षी, १८२६ मध्ये, नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले होते. हे ठाऊक असूनही बाई निघाल्या.

मुंबईत उतरल्यावर पहिले काम मराठी शिकायचे. मोल्सवर्थसाहेबांचा मोठा मराठी कोश १८३१ साली निघाला, म्हणजे बाई आल्या तेव्हा तोही नव्हता. त्यांच्या इंग्रजीत खुर्ची, दिवा, पुस्तक सगळ्यांना एकच न्याय. आपल्याकडे ती खुर्ची, तो दिवा, ते पुस्तक. का, म्हणून विचारले तर आपल्यालाही सांगता यायचे नाही! त्यात ‘त’ वेगळा, ‘ट’ वेगळा, आणि ‘ळ’ तर त्यांच्या जिभेला नवाच.

ही भाषा नुसती बाजारहाटापुरती येऊन भागणार नव्हते. मिशनच्या शाळांत शिकवायला इथलेच पंतोजी असत. बाईंचे काम देखरेखीचे. मुलगी खरोखर वाचते की घोकलेले म्हणून दाखवते, हे मराठी आल्याशिवाय कसे कळणार? गटाचे रजिस्टर दुसऱ्याने लिहायचे आणि आपल्याला वाचता येत नसले तर काय होते, ते आपण जाणतोच.

मुली जमवणे तर त्याहून अवघड. पोरीला शिकवून करायचे काय, हा प्रश्न घरोघर होता. अक्षर जरा बसते न बसते तोच लग्न लागे आणि शाळा सुटे. शिवाय मुली बाटतील अशी भीती. ही भीती उगाच नव्हती, हेही सांगितले पाहिजे. बाई धर्म सांगायलाच आल्या होत्या, शाळेत ख्रिस्ती धर्माचे धडे असत, आणि आपला धर्म खरा या विश्वासानेच त्यांनी समुद्र ओलांडला होता. आम्हाला त्यांची ती बाजू झाकून ठेवावीशी वाटत नाही. मात्र मुंबईत त्या काळी धर्म बदलणारे अगदी मोजके निघाले. मुलींच्या शाळा चालू राहिल्या.

१८३७ साली प्रकृती बिघडली म्हणून बाई अमेरिकेला गेल्या. दहा वर्षे झाली होती. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नावे ठेवली नसती. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या आणि या वेळी नगरला राहिल्या. पुन्हा नवे गाव, पण भाषा आता हाताशी होती.

जोतीराव फुले नगरला आले ते याच शाळांच्या काळात. त्यांचे स्नेही सदाशिव गोवंडे तिथे नोकरीला होते. फरारबाईंच्या शाळा पाहून आपल्याला फार समाधान वाटले, असे जोतीरावांनी पुढे स्वतः सांगितले आहे. पुण्याला परतल्यावर त्यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. ती मिशनची नव्हती. इथल्याच माणसांनी इथल्या मुलींसाठी काढलेली होती, आणि शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

फरारबाई नंतरही नगरलाच शाळा चालवत राहिल्या. जानेवारी १८६२ मध्ये त्या तिथेच वारल्या. मुंबईच्या बंदरात उतरल्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.