प्रतिलिपीचा अधिकार : पोथी आणि संगणक

पोथी ज्याच्या संग्रहीं आहे त्यास तिची नक्कल दुसऱ्यास देण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न संग्राहकांस नवा नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील माहूर ज्यांचें तीर्थ, त्या महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळादि सांकेतिक लिप्यांत ठेविले. सकळ लिपि रवळो व्यासांनीं योजिली असें परंपरा सांगते. प्रत बाहेरच्याच्या हातीं पडली तरी किल्लीवांचून ती मुकीच राही. ग्रंथ जपले गेले खरे, पण कै. राजवाडे यांनीं लिपि उलगडीपर्यंत बाहेरील अभ्यासकांस ते जवळजवळ अज्ञातच होते.

असाच निर्बंध विसाव्या शतकांत संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे यंत्र चालविणाऱ्या मूळ आज्ञासंग्रहावर, आला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं आरंभिलेल्या ‘युनिक्स’ची संहिता परवानाधारकांसच मिळे, दोन स्थळांनीं आपसांत ती द्यावयाची तर दोघांपाशींही परवाना हवा. सिडनीचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनीं १९७६-७७ च्या सुमारास तिच्यावर विद्यार्थ्यांकरितां भाष्य लिहिलें. तेंही परवानाधारकांसच देतां येई. तथापि छायाप्रतींवरून छायाप्रती निघून तें जगभर पसरलें. उघड प्रकाशन १९९६ सालीं झालें.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणक-कार्यक्रम ‘साहित्यकृति’च्या व्याख्येंत आला. तेव्हां पोथीशीं केलेली ही तुलना केवळ अलंकार नव्हे. कलम ५२ अन्वयें कायदेशीर धारकास नाशापासून रक्षणार्थ राखीव प्रत करितां येते. परंतु ती दुसऱ्या ठिकाणीं वापरण्यासाठीं नव्हे. नांदेडच्या संस्थेनें एका यंत्रापुरता घेतलेला परवाना तिच्या लातूरच्या शाखेस पुरत नाहीं. परवाना यंत्राचा, स्थळाचा कीं संपूर्ण संस्थेचा, हें पत्र वाचूनच ठरवावें लागतें.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें क्षणांत कोसळलीं. एका घरांतील एकुलती प्रत म्हणजे काय, हें लातूरकरांस सांगावयास नको. म्हणून आज पोथ्यांचीं छायाचित्रें दोन ठिकाणीं ठेवणें योग्यच आहे. मात्र तीं उघडणारी प्रणाली पराधीन असेल तर पोथी आपली आणि किल्ली दुसऱ्याची, अशी स्थिति होते. लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘लिनक्स’चा गाभा १९९२ पासून जीएनयू परवान्याखालीं आहे, त्यांत नक्कल करून दुसऱ्यास देण्याचा अधिकार परवान्यानेंच दिला आहे. संग्राहकांनीं कपाटाच्या कुलुपाइतकीच परवान्याच्या कलमांचीही चौकशी करावी, एवढीच विनंति.