सहा पंथ, एक चर्च : नागपुरात साकारलेला श्रद्धेचा समेट

नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट पंथांनी आपले स्वतंत्र अस्तित्व विसर्जित केले आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली. नाताळपूर्व आगमनकाळाचा तो पहिला रविवार होता. श्रद्धेच्या मूलभूत प्रश्नांवर मतभेद असणाऱ्यांना एकाच मंडळीत नांदता येईल काय, या प्रश्नाला भारतीय ख्रिस्ती समाजाने दिलेले ते उत्तर होते.

एकत्र आलेल्यांमध्ये अँग्लिकन चर्च, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेतील मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट यांचा समावेश होता. त्यांच्यातील भेद येथील मातीतले नव्हते. युरोप-अमेरिकेतील जुन्या वादांचा वारसा मिशनऱ्यांसोबत आला होता. नागपुरातच १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेचे, तर १९०३ पासून येथे बिशप नेमले गेले ते अँग्लिकन चर्चचे. एकाच शहरातील ख्रिस्ती कुटुंबे त्यामुळे निरनिराळ्या शिस्तीत वाढली.

ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौच्या परिषदेत सुरू झाली. आराखडे तयार होत, विविध पंथांच्या सभांपुढे जात आणि आक्षेपांसह परत येत. अखेर १९६५ च्या चौथ्या आराखड्यावर ऐक्य झाले. सुरुवातीपासून प्रत्यक्ष ऐक्यापर्यंत ४१ वर्षे लोटली.

बाप्तिस्म्याचा पेच

सर्वांत कठीण प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व मेथडिस्ट मंडळ्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स यांच्या मते मात्र स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यालाच तो देता येतो. एका बाजूला मान्य असलेला विधी दुसऱ्या बाजूच्या दृष्टीने खरा बाप्तिस्माच नव्हता.

यावर निघालेला मार्ग असा : दोन्ही पद्धती समान मान्यतेच्या. पालकांनी बालकाला बाप्तिस्मा द्यावा व मोठेपणी त्याने जाहीरपणे विश्वास प्रकट करावा. किंवा बालकाचे केवळ समर्पण करावे व बाप्तिस्मा जाणत्या वयात व्हावा. ज्या पाळकाची सदसद्विवेकबुद्धी बालकांना बाप्तिस्मा देण्यास धजत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. तो विधी दुसऱ्या पाळकाकडून करवून घेता येतो.

पाळकांच्या दीक्षेबाबतही असाच तोडगा निघाला. सर्व पंथांच्या पाळकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्यात आली. परंतु त्यामुळे कोणाचीही पूर्वीची दीक्षा अवैध ठरविण्यात आली नाही. कारभारात अँग्लिकनांचे बिशपपद, प्रेस्बिटेरियनांच्या प्रातिनिधिक सभा आणि काँग्रिगेशनल परंपरेतील स्थानिक मंडळीचा अधिकार यांची सांगड घालण्यात आली.

टिळकांचा दरबार

बाप्तिस्म्याच्या सीमारेषेबाबतचा विचार मराठी समाजाला नवा नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ नागपुरात राहिले होते. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयत्न फार वाढू शकला नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया एवढे पुढे गेले नाही. बाप्तिस्मा तेथे सदस्यत्वाचा पायाच राहिला. तरीही प्रश्न मंडळीने मिळून सोडवावा आणि असहमत व्यक्तीला बाहेर काढू नये, ही भूमिका दोन्हींत समान दिसते.

ऐक्याची किंमत

हे ऐक्य पूर्ण ठरले नाही. चर्चेत सहभागी असलेले मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया १९७० मध्ये ऐन वेळी बाजूला झाले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीतील एका गटाने विलीनीकरण नाकारले. मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या विरोधात लागला. सार्वजनिक न्यासाची मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, असा त्याचा आशय होता. धर्मशास्त्रातील पेच चर्चेने सुटला. जमिनी व इमारतींचा मात्र सुटला नाही.

प्रागतिक श्रद्धा म्हणजे जुने सारे टाकून देणे, असा समज अनेकदा आढळतो. नागपुरातील उदाहरण वेगळे सांगते. तेथे कोणत्याही पंथाला आपला विश्वास सोडावा लागला नाही. आपलाच विश्वास तेवढा खरा, हा आग्रह मात्र प्रत्येकाला सोडावा लागला.