रूट कॅनॉल : भूल कमी का पडते, आणि हाड भरून यायला किती वेळ लागतो?

‘मला भूल चढतच नाही’ असे सांगणारे रुग्ण बहुतेक खालच्या दाढेचे असतात आणि दोन-तीन रात्री ठणका सोसून आलेले असतात. यात तुमची चूक नसते. दाताच्या आतला मऊ गाभा, ज्याला आपण ‘नस’ म्हणतो, तो सुजला की त्यातले मज्जातंतू इतके चिडतात की नेहमीचा डोस त्यांना पुरत नाही.

खालच्या दाढेसाठी इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. औषध सहसा २ टक्के लिग्नोकेन, सोबत थोडे अॅड्रेनालिन. त्यामुळे क्षणभर छातीत धडधड होऊ शकते. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका. ओठ बधीर झाला तरी दात दुखू शकतो. तेव्हा डॉक्टर दाताच्या मुळालगत, प्रसंगी थेट नसेत थोडे औषध सोडतात. ती कळ जोरात येते, पण काही सेकंदच. दुखले तर हात वर करा, मुकाट्याने सोसू नका.

आपल्या वऱ्हाडात एक अडचण जास्त दिसते. वर्षानुवर्षे खर्रा खाल्ला की त्यातल्या सुपारीमुळे गाल आतून ताठर होतात, तोंड पुरते उघडत नाही. मग सुई योग्य जागी नेणेच अवघड होते. दुसऱ्या पद्धतीने भूल देता येते, पण तोंड किती उघडते हे पहिल्याच भेटीत दाखवा.

ओठ दोन ते पाच तास बधीर राहतो. तोवर गरम चहा नको, जेवण नको. लहान मुलांकडे लक्ष ठेवा; गंमत म्हणून ती ओठ चावतात आणि संध्याकाळी जखम दिसते.

पुढचे दोन-तीन दिवस चावताना दुखणे स्वाभाविक आहे. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला, असे मात्र नाही. मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड भरून यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते आणि ते एक्स-रेवरच कळते. सोयाबीनच्या सोंगणीत दुसरी फेरी चुकली की तात्पुरते सिमेंट झिजते, लाळ आत जाते आणि जंतू परततात. दाढेवर कॅप बसवणेही टाळू नका. पोकळ झालेली दाढ उभी चिरली तर बहुधा काढावीच लागते. खर्चामुळे थांबला असाल तर अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत. तिथे विचारून पाहा.

गालाची सूज वाढत असेल, ताप असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.