पेटीतली सनद

आपल्याकडे जुन्या घरात पत्र्याची एक पेटी असते. तिच्यात निकाहनामा, सातबारा, वाटणीपत्र, आजोबांचा शाळेचा दाखला आणि कधी फार्सी शिक्क्याची, मोडी मजकुराची एखादी सनद. ही पेटी म्हणजे घराचा इतिहास. या कागदांची परीक्षा मात्र वारंवार झाली आहे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. पुढे मुंबई इलाख्यात इंग्रजांनी इनामांची चौकशी आरंभली आणि 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. चौकशी मशिदी-दर्ग्यांच्या इनामांपर्यंतही पोहोचली. जमीन कोणी दिली, केव्हा दिली, कागद कुठे आहे? पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीलाही पुरावा द्यावा लागला. दावे पेशवे दप्तरातील नोंदींशी ताडले जात. ते दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही आहे. सरकारचा कागद टिकला. घराघरांतले किती वाळवीने खाल्ले, याची मोजदाद कोणी केली नाही.

वाळवीपेक्षा पाणी निर्दय. 26 जुलै 2005 रोजी मुंबई बुडाली, 22 जुलै 2021 रोजी चिपळूण. पाणी ओसरल्यावर लोक अंगणात कागद वाळवत बसले होते. शाई मात्र वाहून गेली होती.

आता पेटीला जोड मिळाली आहे. 2015 मध्ये केंद्र सरकारने डिजिलॉकर सुरू केले. त्यात एक भेद ध्यानात ठेवावा. देणाऱ्या खात्याकडून थेट तिथे आलेला दाखला कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो; आपण स्कॅन करून चढवलेली सनद ही केवळ नक्कल असते. म्हणून नक्कल जरूर ठेवावी, पण मूळ कागद टाकू नये. दोन ठिकाणी प्रती असाव्यात. पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला, विशेषतः घरातल्या बाईला, ठाऊक असावा. पूर्वी पेटीची किल्ली तिच्याच पदराला असे. किल्ली हरवली तर कुलूप तोडता येई. पासवर्ड कर्त्या पुरुषाबरोबर कबरीत गेला, तर वारसांची धावपळ ठरलेली.

आणि एक काम केवळ यंत्रावर सोडू नये. मोडी आणि फार्सी वाचणारी माणसे आज थोडीच उरली आहेत. छायाचित्र टिकेल, पण त्यातले नाव, गाव आणि नाते कोण सांगणार? घरात जाणते कोणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसावे. कागद वाचून घ्यावा, खाली मराठीत लिहून ठेवावा. न वाचलेला वारसा पेटीत असला काय नि नसला काय, सारखाच.